गाडीतला दुसरा दांडा

गाडी बुक करायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी तीन प्रश्न विचारायचो. घरापासून डांबरी रस्ता किती लांब आहे? पावसाळ्यात त्या वाटेनं ट्रॅक्टर जातो, की तोही रुततो? आणि गाडीत रोज बसणार कोण? या तीन उत्तरांवर मी सांगायचो, फोर व्हील घ्या किंवा घेऊ नका. बारामतीच्या शोरूममध्ये नव्वदच्या दशकातली बहुतेक वर्षं माझी याच कामात गेली. कन्हेरीहून मोपेडवर यायचं, टेबल पुसायचं, आणि कोण येतंय त्याची वाट बघत बसायचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा जीपच्या जातीची गाडी घ्यायची तर महिनोन्महिने थांबावं लागायचं. बुकिंगच्या कागदावर तळाला एक चौकट असे. तिच्यात बरोबरची खूण केली की गाडी कारखान्यातूनच वेगळी होऊन यायची. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर, नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक आखूड दांडा, जाड नक्षीचे टायर, इंजिनाखाली पोलादी पत्रा आणि ओढायला पुढं हूक. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण आमच्याकडं सगळे 'फोर व्हील' म्हणायचे. त्यावर, "म्हंजी बाकीच्या गाड्या काय तीन चाकांवर पळत्यात व्हय?" हा विनोद मी नोकरीत किमान दोनशे वेळा ऐकला आणि दोनशे वेळा हसलो. पगारात ते धरलेलं होतं.

खरी गोम अशी की हा निर्णय आधीच घ्यायचा. गाडी आल्यावर "आता बसवून द्या" म्हणून चालायचं नाही. त्यामुळं माझ्या टेबलासमोर अख्खी घरं येऊन बसायची. बाप, दोन पोरं, जावई, कधी सासरा. चहाचे तीन तीन राउंड व्हायचे. माळेगावच्या एका ऊसवाल्या तात्यांनी असा सबंध दिवस घालवला. मोठा मुलगा म्हणे घ्या, धाकटा म्हणे ॲव्हरेज पडेल, जावई दोघांनाही बरोबर म्हणे. संध्याकाळी सगळे उठले तेव्हा तात्या मागं थांबले आणि हळूच म्हणाले, "सायेब, त्ये प्याकेज ऱ्हाऊ द्या. पर गाडीच्या मागं ती इंग्रजी अक्षरं असत्यात न्हवं, तेवढी लावून द्या." त्यांच्या व्याह्यांच्या गाडीवर ती अक्षरं होती! स्पेअर पार्टच्या काउंटरवरून मी अक्षरं मागवून दिली. तात्या खूश, धाकटा खूश, ॲव्हरेज शाबूत.

उलटही व्हायचं. उजनी धरणाच्या फुगवट्यावरून मासळी आणणारा एक व्यापारी साधी गाडी घ्यायला आला होता. मी विचारलं, ट्रॅक्टर जातो का? तो म्हणाला, "न्हाय वं, पाणी मागं सरलं की निसता गाळ. ट्रॅक्टर बी बसतो." त्याला मी हात धरून फोर व्हील घ्यायला लावलं. पुढं कितीतरी वर्षं तो माझ्या टेबलावर चिलापीची पिशवी ठेवून जायचा, आणि तिच्या वासानं आमचे शेठ, म्हणजे शोरूमचे मालक, मला शिव्या घालायचे. अशी गिऱ्हाइकं आठवली की वाटतं, चला, आपण कुणाचं तरी भलं केलं.

पण मी ज्यांना हे तीन प्रश्न विचारलेच नाहीत असे एक गिऱ्हाईक होते, आणि आज मला त्यांच्याबद्दल सांगायचंय.

धुळाआबा कळसचे. जातीनं धनगर, सारी हयात मेंढरांमागं गेलेली. साठीच्या आसपासचे, काटक, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. चराऊ रानं उसाखाली गेली, चारायला वाट उरली नाही आणि मुलगा सोपान मेंढरांमागं जायला तयार नव्हता. त्याला वडाप करायचं होतं. वडाप म्हणजे जीपमध्ये माणसं भरून इंदापूर-बारामती फेऱ्या मारायच्या, एसटीच्या पुढं. तेव्हा गावोगावच्या पोरांचा तोच धंदा होता. तर आबांनी अख्खा कळप मोडला. पाच-पन्नास ठेवून बाकीची विकली असं नव्हे. सगळा मोडला, कुत्र्यांसकट. आणि बापलेक आमच्याकडं आले.

ते आले तेव्हा आमच्या आवारात एक फोर व्हील गाडी चार महिने उभी होती. कुणीतरी बुक करून माघार घेतलेली. तिच्या टपावर कबुतरं बसायची. शेठ रोज सकाळी तिच्याकडं बघायचे आणि मग माझ्याकडं बघायचे. वडापवाल्याला ही गाडी म्हणजे नुसती डोकेदुखी. जड, डिझेल खाणारी आणि साध्या गाडीपेक्षा वीतभर उंच. बाजाराला निघालेली म्हातारी पाटी घेऊन त्या उंचीवर चढणार कशी? आणि इंदापूर-बारामती सगळा डांबरी रस्ता, तिथं पुढच्या चाकांना जोर हवाय कशाला? हे सगळं मला माहीत होतं. तीन प्रश्नांतला पहिला विचारला असता तरी पुरे होतं.

सोपान म्हणाला, "आबा, साधी बुक करू. सा महिनं थांबू." आबा मात्र त्या गाडीभोवती फिरत होते. बाजारात जनावर बघावं तशी त्यांनी ती बघितली. खाली वाकले, चाकांच्या आतून हात फिरवला, पुढचा आस बघितला, मागचा बघितला. मग मला विचारलं, "साध्या गाडीची पुढची दोन चाकं काय करत्यात?"

"नुसती फिरतात आबा. जोर मागच्या दोन चाकांचा."

"आन् हिची?"

"हिची चारही ओढतात."

आबा सोपानकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का? दोन पायांवर चालणारं मेंढरू कुणी इकत घेतंय का? लंगडं म्हणत्यात त्येला." मग मला म्हणाले, "सायेब, मला ह्यातलं कळत न्हाय. तुमी सांगा. आमच्या धंद्याला ही बरी पडंल का?"

शेठ काचेआडून बघत होते. मी म्हणालो, "एक नंबर, आबा."

बस्स. एवढंच बोललो. पुढं जे झालं ते या दोन शब्दांतून झालं, म्हणून जसंच्या तसं लिहिलंय.

गाडी देताना एक छापील यादी भरायची असते. जॅक दाखवला, पाना दिला, ऑइल कुठलं ते सांगितलं, अशा वीसेक ओळी. त्यात एक ओळ होती: दुसरा दांडा कधी टाकावा व कधी टाकू नये हे ग्राहकास समजावले. त्या दिवशी मुहूर्त टळत होता, सोपानच्या बहिणी आरती घेऊन उभ्या होत्या, आणि तिकडं शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी हाका मारत होते. मी वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकटींत खुणा केल्या आणि आबांचा अंगठा घेतला. समजावलं काहीच नाही. गाडी नारळ फोडून गेली. त्या रात्री शेठनी मला पेढे दिले.

आता ते न समजावलेलं काय होतं ते सांगतो. वळणावर पुढची चाकं लांबचा फेरा घेतात, मागची जवळचा. दुसरा दांडा टाकला की दोन्ही आस एकमेकांशी बांधले जातात आणि सारखेच फिरायला बघतात. चिखलात काही बिघडत नाही, कारण एखादं चाक जरासं घसरतं आणि ओढाताण मिटते. कोरड्या डांबरावर चाकाला घसरायला जागाच नसते. सगळा ताण मधल्या छोट्या गिअरबॉक्सवर येतो. म्हणून तो दांडा चिखलापुरता टाकायचा आणि रस्त्याला लागलं की काढायचा. एका मिनिटात सांगून होतं हे. आता तुम्हालाही कळलं की नाही?

अडीच-तीन महिन्यांनी ती गाडी ट्रॅक्टरला बांधून आमच्या वर्कशॉपात आली. आत बसलेल्या माणसांसकट कळसच्या अलीकडं बंद पडली होती. कुणाला काही लागलं नव्हतं, तेवढं नशीब. आमचे जुने मेकॅनिक रफिकभाई खाली शिरले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "छोटा गिअरबॉक्स फुटला. दात सगळे भुगा. आणि टायर बघा, कानशीनं घासल्यागत झालेत." मग त्यांनी दार उघडून मला आत बघायला सांगितलं.

दुसरा दांडा टाकलेला होता आणि काळ्या लोकरीच्या दोरीनं पक्का बांधला होता. हातानं वळलेली दोरी, दोन पेड, वर नीट गाठ मारलेली. घोंगडं विणायच्या लोकरीची. मी सोपानला विचारलं, हे काय? तो मान खाली घालून म्हणाला, "आबांनी बांधली. दांडा कुठं तरी सुटंल म्हणून. म्हणलं, चार चाकांचं पैसं दिलेत, दोन चाकं फुकट कशापायी बसवायची? स्टेरिंग लय जड चालायचं सायेब, हात भरून यायचं. पर नवी गाडी हाय, वाटलं असंच असंल."

मेंढरांतल्या माणसानं चारही पाय कामाला लावले होते. चुकलं कुठं त्याचं?

गाडी गॅरंटीत होती. कंपनीनं मान्य केलं असतं तर नवा गिअरबॉक्स फुकट बसला असता. नाही म्हटलं तर तो आबांनी आणायचा, आणि त्यांच्याकडं आता विकायला एक कोकरूही नव्हतं. गाडी म्हणजेच कळप होता तो. म्हणून पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर तपासायला आला त्या दिवशी आबा सकाळपासून वर्कशॉपच्या दारात उकिडवे बसून होते. चहा दिला तर घेतला नाही.

इंजिनिअर तरुण होता, पण माणूस चांगला. त्यानं गाडी बघितली, दोरी बघितली, डोक्याला हात लावला. सोपाननं पहिली सर्व्हिसिंग चुकवली होती, कारण वडापचा दिवस मोडतो. इंजिनिअर म्हणाला, "ते मी सोडून देतो. प्रश्न एवढाच आहे, यांना दांड्याचं सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर चूक आपली, गिअरबॉक्स देऊन टाकू. सांगितलं असेल तर माझा नाइलाज आहे." आणि त्यानं ती छापील यादी काढली. माझी खूण, आबांचा अंगठा.

त्यानं मला विचारलं, "तुम्हीच दिली ना डिलिव्हरी? समजावलं होतं?"

मला बोलायला फक्त एक शब्द लागत होता. नाही. पण शेठ शेजारी उभे होते. खोटी खूण केली असं निघालं असतं तर गिअरबॉक्सचा भार कंपनीनं शोरूमवर टाकला असता आणि शेठनी मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. दोन मुली शाळेत, बाहेर अशी नोकरी मिळायची मारामार. हे सगळं खरं आहे, पण कारण म्हणून सांगितलं की ते किती फालतू वाटतं! मी यादीकडं बघत राहिलो आणि म्हणालो, "खूण आहे ना साहेब, बघा."

इंजिनिअर आबांकडं वळला. "आबा, तुम्हाला सांगितलं होतं का यांनी? डांबरावर हा दांडा टाकायचा नाही म्हणून?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग ते इंजिनिअरला म्हणाले, "सांगितलं आसंल सायेब. मी अडाणी माणूस, माझ्याच ध्येनात ऱ्हायलं न्हाय."

सोपान काही बोलायला गेला तर आबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. इंजिनिअरनं कागदावर 'नामंजूर' लिहिलं, आणि तो आपल्या गाडीकडं निघाला.

मी आबांना आवाराच्या कोपऱ्यात गाठलं. "आबा, मी सांगितलं नव्हतं."

"ठाव हाय की."

"मग असं का बोललात?"

"तुमी बोलशिला म्हणून वाट बघितली," आबा म्हणाले. "न्हाय बोललात. मग म्या म्हणलं, ह्याची नोकरी घेऊन माझी मेंढरं काय माघारी येणार हायती? एकाचं बसलं, दुसऱ्याचं कशाला बसवायचं?"

मी तेव्हाही पळत जाऊन इंजिनिअरला गाठू शकलो असतो. त्याची गाडी फाटकातच होती, उसाच्या बैलगाड्या जाईपर्यंत थांबलेली. मी बघत उभा राहिलो. बैलगाड्या गेल्या, तो गेला. लोक म्हणतात काळ सगळं पुसतो. काही पुसत नाही हो. मला त्या बैलगाड्यांची संख्यासुद्धा आठवते, सात होत्या.

रफिकभाईंनी जमेल ते केलं. पुण्याहून जुन्या बाजारातले भाग आणून गिअरबॉक्स उभा केला, पुढचा शाफ्ट काढून टाकला आणि मजुरी घेतली नाही. रविवारी मी त्यांच्या हाताखाली पाने द्यायला बसायचो. त्यानं माझं ओझं हलकं झालं असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. गाडी दोन चाकांवर चालायला लागली, पण उंची कुठं जाते? सोपाननं मागं लोखंडी पायरी जोडून घेतली तरी म्हाताऱ्या बायका लांबूनच हात करून पुढच्या बुटक्या जीपला थांबवायच्या. भरायला वेळ लागायचा, आणि वडापात जो उशिरा भरतो तो संपतो. दीड-दोन वर्षांत गाडी विकली गेली. सोपान दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला. हे सगळं मला रफिकभाईंकडून कळायचं. मी स्वतः कळसच्या वाटेला कधी गेलो नाही.

त्यानंतर एकदा इंदापूरच्या एका डॉक्टरांना गाडी चालवून दाखवत होतो. डॉक्टर स्वतः स्टिअरिंगवर, मी शेजारी. फोर व्हील घ्यावी की साधी, यावर त्यांचं अडलं होतं, आणि मी घ्या म्हणत होतो, कारण त्या महिन्यात कंपनीनं फोर व्हीलमागं आम्हाला बक्षीस लावलं होतं. होय, एवढं सगळं होऊनही! माणूस लवकर सुधारत नाही. बोलता बोलता समोर मेंढरं आली. सबंध रस्ता भरून. डॉक्टरांनी गाडी थांबवली.

कळपामागून लाल पटका आला. मी ओळखलं आणि खाली सरकलो, खरंच सरकलो, शाळेतल्या पोरासारखा. काही उपयोग झाला नाही. आबा खिडकीशी आले.

"राम राम सायेब. बरं हाय न्हवं? पोरी काय म्हणत्यात?"

"बरं आहे आबा. पुन्हा मेंढरं धरलीत?"

"माझी न्हायती. सालानं राखतोय, दुसऱ्याची हायती." आबांच्या आवाजात काही नव्हतं. ऊन पडलंय म्हणावं तसं म्हणाले.

डॉक्टरांना गंमत वाटली. त्यांनी विचारलं, "काय आबा, यांच्याकडनं गाडी घेतली होती का तुम्ही?"

"व्हय, घेतली हुती."

"मग घ्यावी का आम्ही? कसा काय माणूस?"

आता म्हणतील. म्हणावं, असंही वाटत होतं. आबांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, पुढच्या चाकाकडं बघितलं आणि म्हणाले, "घ्या की. माणूस वंगाळ न्हाय." मग माझ्याकडं वाकून, डॉक्टरांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यांना तरी समदं सांगा."

एवढं बोलून ते मेंढरांना बाजूला घ्यायला गेले. आमच्या गाडीसाठी रस्ता मोकळा करायला. हाळी देत, काठी आडवी धरून त्यांनी सगळा कळप एका कडेला घेतला आणि आम्हाला हातानं खूण केली, जावा.

मी डॉक्टरांना म्हणालो, "थोडं पुढं जाऊन गाडी बाजूला घ्या." त्यांनी घेतली. मी इंजिन बंद करायला लावलं आणि सगळं सांगितलं. इंदापुरात राहून डांबरावरच फिरणाऱ्या माणसाला फोर व्हील कशी निरुपयोगी आहे ते सांगितलं, बक्षिसाचं सांगितलं, आणि मग आबांचंही सांगितलं, यादीवरच्या खुणेपासून सात बैलगाड्यांपर्यंत. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि गाडी परत फिरवली. शोरूमला आल्यावर चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

महिनाभरानं त्यांच्या दवाखान्यासमोर नवी गाडी उभी दिसली. साधी होती. पुण्याहून घेतली होती.